मेजावर एकच मीटर

मी जुना आहे, हे आधीच सांगून टाकतो मित्रांनो, म्हणजे पुढे कुणी ते माझ्या तोंडावर म्हणायला नको. नवा होतो तेव्हा लोक मला नुसतं 'मीटर' म्हणत. आता 'तो जुना मल्टिमीटर' म्हणतात. अंगाने काळा, हातात घेतलं तर विटेएवढा जड, तोंडावर काच, काचेआड एक बारीक काटा आणि पोटावर मोठं गोल बटण, असा माझा अवतार. मला दोन तारा आहेत, एक लाल आणि एक काळी. त्यांची टोकं कुठेही टेकवा. तिथे वीज आहे की नाही, असली तर किती जोराची आहे, तिच्या वाटेत अडथळा किती आहे, हे माझा काटा दाखवतो. डॉक्टर नाडी बघतात ना, तसंच समजा. फक्त मी कुणाला जीभ दाखवायला सांगत नाही.

या घरातल्या एका छोट्या मेजावर मी राहायचं की माझ्या जागी नव्या मीटरने यायचं, असा प्रश्न अलीकडेच उभा राहिला होता. त्याचा निकाल कसा लागला ते सांगायला आज बसलो आहे. पण सुरुवात जरा मागून करू द्या. आम्हा जुन्यांना मधूनच सुरू करता येत नाही.

माझा जन्म एका लांबलचक खोलीत झाला. मोठ्या खिडक्यांखाली मुली ओळीने बसत. कितीही उकडलं तरी पंखा लावायचा नाही, कारण त्या ज्या तारेची गुंडाळी करत ती केसापेक्षा बारीक असे आणि साध्या झुळकेनेही उडून जाई. शिंक आली तर नाक दाबून दाराबाहेर पळायचं आणि मग शिंकायचं. माझ्या पोटातली गुंडाळी जिने केली ती एक ठेंगणी, गालावर तीळ असलेली मुलगी होती. काटा बसवून झाल्यावर तिने त्याच्यावर हळूच फुंकर मारली. काटा डोलला, थरथरला आणि बरोबर आपल्या जागी येऊन उभा राहिला. ती शेजारणीला म्हणाली, की हा शहाणा निघाला. मला मिळालेली ही पहिली शाबासकी. पुढे पुष्कळ मिळाल्या, पण पहिलीची गोडी वेगळीच.

माझ्या काट्यामागे आरशाची एक बारीक पट्टी आहे. ती तोंड बघायला नाही. आकडा वाचताना एक डोळा मिटायचा आणि काटा स्वतःच्याच प्रतिबिंबाला झाकेल अशा बेताने वरून बघायचं. तसं केलं की आकडा बिनचूक वाचता येतो. तिरकं बघितलं की चुकलंच. त्यामुळे माझ्याशी ज्यांचं ज्यांचं काम पडलं, त्या सगळ्यांचे डोळे मी अगदी जवळून पाहिले आहेत.

त्यातले सगळ्यांत जास्त वेळा पाहिलेले डोळे आत्याचे. आज मी जिला आत्या म्हणतो, ती तेव्हा कुणाचीच आत्या नव्हती. रेडिओच्या एका कारखान्यात तपासणीच्या मेजावर ती नुकती लागली होती आणि मी तिच्या वाट्याला आलो. रेडिओ तयार होऊन आमच्यापुढे येई. ती माझी टोकं एकेका जागी टेकवी, मी सांगे, ती मान हलवी, रेडिओ पुढे जाई.

आमच्या वरच्या साहेबांचं खरं नाव कुणी घेत नसे. सगळ्या मुली त्यांना शून्यसाहेब म्हणत. अडथळा मोजण्याआधी माझी दोन टोकं एकमेकांना लावायची आणि बाजूची छोटी चकती फिरवून काटा शून्यावर आणायचा, नाहीतर सगळी मापं चुकतात. म्हणून साहेब मागून येत आणि विचारत, "शून्य केलं का?" दिवसभर तेच. मुली म्हणायच्या, साहेब घरी जेवायला बसले तरी आधी ताटाला हेच विचारत असतील. त्यांचा आणखी एक नियम होता. मेजावर एकच मीटर. दोन ठेवले तर दोन उत्तरं येतात आणि मुलगी दोघांच्या तोंडाकडे टकमक बघत बसते, असं ते म्हणत. आत्याने हे दोन्ही नियम मनात असे पक्के केले, की साहेब निवृत्त झाले तरी ते काही तिच्या डोक्यातून निवृत्त झाले नाहीत.

ते माझे खरे भरभराटीचे दिवस. कुणाच्या मेजावर वाद झाला की आमच्याकडे येत. हिच्या मीटरला विचारा, तो सांगेल ते खरं, अशी माझी ख्याती होती. मी फुगून जात असे. फुगायला माझ्यात जागा नाही ही गोष्ट वेगळी.

पुढे लोकांना मोठे रेडिओ नकोसे झाले आणि कारखाना बंद पडला. जाताना प्रत्येकीला आठवण म्हणून एक वस्तू निवडायला सांगितलं. कुणी खुर्ची मागितली, कुणी टेबलपंखा. आत्याने मला मागितलं आणि डब्याच्या पिशवीत घालून घरी आणलं.

घर तिच्या धाकट्या भावाचं. काचा लावून बंद केलेल्या गॅलरीत तिला एक मेज मिळालं. ते मूळचं शिलाई मशीनचं. मशीन कधीच गेलं होतं, खालचा लोखंडी सांगाडा आणि वरची फळी तेवढी उरली होती. त्या वीतभर जागेत आत्याने आपला छंद मांडला. पाण्याची टाकी भरली की वाजणारी घंटी तिने केली. जिन्यात पाऊल पडलं की लागणारा दिवा केला. वहिनी, म्हणजे तिची भावजय, त्या जागेला 'वन्संचं दुकान' म्हणायची आणि गिऱ्हाईक काही दिसत नाही म्हणून टोमणा मारायची. पण टाकी वाहून जायची थांबली तेव्हा शेजारपाजारी कौतुक करून आली तीही वहिनीच.

याच घरात माझ्यावर जिवावरचा प्रसंग गुदरला. एकदा आत्या बाहेर गेली असताना भाऊंना भिंतीतल्या प्लगमध्ये वीज येते का ते बघायचं होतं. माझं बटण अडथळा मोजायच्या जागी होतं. त्यांनी ते फिरवलं नाही आणि माझी टोकं सरळ प्लगमध्ये खुपसली. माझा काटा धाडकन दुसऱ्या टोकाला आपटून वाकला आणि पोटातून धूर आला. भाऊंनी मला गुपचूप जागेवर ठेवलं, वर रुमालही टाकला. वास काही रुमालाखाली लपत नाही. आत्याने मला उघडलं, जळलेला भाग बदलला आणि भुवया कोरायच्या चिमट्याने काटा सरळ केला. भावाशी ती बरेच दिवस फक्त वहिनीमार्फत बोलत होती. तेव्हापासून घरात एक रीत पडली. काम झालं की माझं बटण सर्वांत वरच्या व्होल्टवर फिरवायचं, म्हणजे कुणी चुकून टोकं खुपसली तरी मी जळणार नाही, आणि फिरवताना तोंडाने 'वर' असं म्हणायचं. वहिनीला माझ्यातलं ओ की ठो कळत नसे, पण गॅस बंद केला का हे विचारावं तशी ती झोपायला जाताना हाक मारी, "वन्सं, वर केलंत ना?"

भाऊंची मुलगी, आत्याची भाची, या मेजाशेजारीच वाढली. मोठी झाली, लिफ्ट तपासणाऱ्या कंपनीत लागली. तिने आत्याच्या वाढदिवसाला एक नवा मीटर आणला.

मित्रांनो, खरं बोलायचं तर तो दिसायला देखणा होता. अंगावर पिवळं रबरी कवच, तोंडावर मोठाले ठळक आकडे. तारा जुळल्या की तो पीं करून ओरडतो. आत्या लहान मुलीसारखी हरखली. तिने घरातले सगळे सेल मोजले, टॉर्च मोजली, दारावरची घंटी मोजली. भाऊ म्हणाले, आता माझा तापही बघून घे. वहिनी म्हणाली, बाळाला दृष्ट नका लागू देऊ हो कुणी.

मला हेवा वाटला का? वाटला. पण आत्याचं खोटं नव्हतं. तिच्या चष्म्याचा नंबर वाढत चालला होता. माझे बारीक आकडे वाचायचे तर तिला एक डोळा मिटून, पाठ वाकवून माझ्यावर झुकावं लागे आणि मग मान धरे. नव्याचे आकडे ती खुर्चीत टेकून वाचत होती. मेज केवढं, तर वीतभर. आणि नियम तर ठरलेलाच होता. तिने मला स्वतःच्या हाताने पुसलं, बटण वर केलं आणि कपाटावर, वहिनीच्या रिकाम्या बरण्यांशेजारी नेऊन ठेवलं. बरण्या स्वभावाने बऱ्या असतात, पण त्यांच्याशी बोलण्यासारखं फार काही नसतं.

तिथे मी धूळ खात असताना भाचीचा एक मित्र घरी आला. उपाहारगृहं सजवणं हा त्याचा धंदा. त्याची नजर माझ्यावर पडली आणि तो मला खाली काढून उलटसुलट बघू लागला. त्याला एका भिंतीवर जुन्या यंत्रांची ओळ लावायची होती. माझ्या काचेआड तो घड्याळ बसवणार होता. आत्याने त्याला एकच विचारलं, की मग आतलं काय करतोस?

"आतलं काढून टाकतो, आत्या," तो आनंदाने म्हणाला. "वजन कमी होतं."

नुसतं धूळ खात पडण्यापेक्षा चार माणसं बघतील तरी, असं काहीतरी आत्या स्वतःशीच पुटपुटली, मेजावर तसाही एकच मीटर असतो असं त्याला म्हणाली आणि हो म्हणून बसली. रविवारी येऊन घेऊन जातो, असं सांगून तो गेला. ठेंगण्या मुलीने फुंकर मारलेला माझा काटा कचऱ्यात जायचा होता, आणि मी बरण्यांच्या शेजारी बसून रविवारची वाट बघत होतो.

त्याच आठवड्यात घरात दुसरंच संकट उभं होतं. भाऊ जिन्यात घसरले होते. पाय प्लास्टरमध्ये, मुक्काम वरच्या खोलीत. आत्याने त्यांच्यासाठी बोलका डबा केला होता. एक डबा वर पलंगाशी, एक खाली स्वयंपाकघरात. वरून बोललेलं खाली ऐकू येई. सुरुवातीला तो छान चालला. मग तो मधूनच मुका व्हायला लागला. भाऊ वर हाका मारून दमत आणि खाली काहीच नाही. वहिनीचे गुडघे आधीच दुखरे, त्यात उगाच दहादा जिना चढून बघायचा, की यांना काही हवंय का.

आत्या खालचा डबा मेजावर घेई, तर तो नीट बोले. स्वयंपाकघरात नेला, की पुन्हा मुका.

"तुमच्या मेजावर शहाण्यासारखा वागतो," वहिनी म्हणाली, "आणि माझ्याकडे आला की तोंड मिटतो. म्हणजे माझंच काही चुकतं म्हणा."

तिने बाजारातून तयार डबा आणायचं ठरवलं. आत्याने फक्त रविवारपर्यंतची मुदत मागितली. मला ती मुदत आम्हा दोघांची वाटली. तिच्याही हाताची आणि माझ्याही काट्याची.

रविवारी सकाळी आत्या आणि भाची डबा उघडून बसल्या. नव्या मीटरने प्रत्येक भाग तपासला. सगळं ठीक. आवाज कमीजास्त करायचं बटणही त्यांनी दांडीसकट बाहेर काढून मोजलं. बटण फिरवलं की आकडे भराभर बदलत होते, पण ते बदलायलाच हवेत. पहिला आकडा बरोबर, शेवटचा आकडा बरोबर. तेही पास झालं आणि बाजूला ठेवलं गेलं. आत्याने चष्मा काढून डोळे चोळले. आपलाच हात गेला असेल आता, असं म्हणून ती चहाचे कप घेऊन आत गेली.

मित्राची यायची वेळ झाली म्हणून भाचीने मला कपाटावरून काढलं. ओल्या फडक्याने पुसलं. देऊन टाकण्याआधी काटा हलतो का हे एकदा बघावं, असं तिच्या मनात आलं. लहानपणी शिकलेलं हात विसरत नाहीत. तिने बटण अडथळ्यावर आणलं, टोकं जुळवली, चकती फिरवून शून्य केलं. माझ्या पोटातला सेल अजून तग धरून होता. मग हाताशी जे पडलं होतं त्याला तिने माझी टोकं लावली. ते होतं आवाजाचं बटण.

तिने ते सावकाश फिरवलं. माझा काटा डावीकडून उजवीकडे सरसर निघाला, आणि वाटेत एका जागी दचकला. धपकन मागे पडला आणि पुन्हा उठून चालू लागला. तिने बटण उलटं फिरवलं. त्याच जागी तसंच. पुन्हा फिरवलं. पुन्हा तसंच.

"आत्या," तिने हाक मारली, "चष्मा घे आणि इकडे ये."

आत्या ओले हात पुसत आली. तिने एक डोळा मिटला आणि माझ्यावर झुकली. कितीतरी दिवसांनी तिचा डोळा मी माझ्या आरशात पाहिला. भाची बटण फिरवत होती. काटा दचकला, की आत्या हात वर करी, भाची थांबे. असं दोनतीनदा झालं. मग आत्याचं लक्ष बटणाकडे गेलं. त्याच्यावर लाल ठिपका होता, नखाला लावायच्या रंगाचा. काटा दचके तेव्हा ठिपका दर वेळी वरच्या बाजूला येत होता.

ठिपका वहिनीचा होता. नळ चालू असतानाही ऐकू यावं आणि भाऊंचं घोरणं मात्र घरभर होऊ नये, असा बरोबर बेताचा आवाज तिने शोधून काढला होता आणि तो लागला की वर येईल अशी बटणावर खूण करून ठेवली होती. रोज बटण तिथेच यायचं, तिथेच हिंदकळायचं. आत्या मात्र मेजावर तपासताना कारखान्याच्या सवयीने आवाज पूर्ण मोठा करून ठेवायची. म्हणून मेजावर डबा नीट बोलायचा.

वहिनीला बोलावून सगळं दाखवलं. ती कमरेवर हात ठेवून माझ्या काट्याचं दचकणं बघत राहिली.

"म्हणजे माझ्या ठिपक्याखालीच खड्डा पडलाय होय," ती म्हणाली.

अगदी तसंच होतं. बटणाच्या पोटात काळ्या लेपाचा एक रस्ता असतो आणि त्यावरून एक लहानसा हात घसरत जातो. एकाच जागी घासून घासून तो रस्ता तिथे झिजला होता. नवा मीटर खोटं बोलला नव्हता हं, मित्रांनो. तो बघतो, क्षणभर विचार करतो आणि मग आकडा सांगतो. त्या क्षणात खड्डा येऊन निघून जायचा, आणि पळत्या आकड्यांत तो कुणाला दिसणार? मी विचार करत बसत नाही. वीज जशी चालते तसा मी तिच्याबरोबर चालतो, आणि तिला ठेच लागली की मलाही लागते.

आत्याने जुन्या सामानाच्या डब्यातून दुसरं बटण शोधलं. तेही आधी माझ्यावर फिरवून पाहिलं. काटा या टोकापासून त्या टोकापर्यंत लोण्यावरून जावा तसा गेला. भाचीने कथलाचे डाग देऊन ते तारांना जोडलं, डबा बंद झाला आणि वहिनीने स्वतः तो स्वयंपाकघरात नेऊन आवाज आपल्या बेताचा केला. नळही सोडला. सगळ्या जणी डब्याकडे बघत उभ्या राहिल्या.

"ऐकतंय का कुणी?" डब्यातून भाऊंचा आवाज आला, अगदी शेजारी बसल्यासारखा. "सकाळपासून चहाला विचारेल कुणी म्हणून पडलोय. आपल्या घरात माणसं राहतात ना अजून?"

वहिनीला हसू आवरेना. तिने आत्याच्या पाठीवर एक चापट मारली. मोठ्या नणंदेच्या पाठीवर. आत्यानेही ती आनंदाने खाल्ली.

इतक्यात दारावरची घंटी वाजली. सजावटवाला आला होता आणि त्याच्या खिशातून घड्याळाचं यंत्र डोकावत होतं. आत्याने मला छातीशी धरलं आणि हा मिळायचा नाही म्हणून सांगितलं. तो हिरमुसला. मेजावर एकच मीटर असतो असं तुम्हीच म्हणालात, अशी त्याने आठवणही करून दिली. आता शून्यसाहेब आत्याच्या डोक्यात काय म्हणतात याची मला धाकधूक होती.

"म्हणाले होते," आत्या म्हणाली. "पण विचारायचे प्रश्न दोन आहेत. किती आहे, ते त्याला विचारायचं. कसं चाललंय, ते याला. प्रश्न दोन, तर मीटर दोन."

तिने मला मेजावर ठेवलं, पिवळ्याच्या शेजारी. वहिनी म्हणाली, वीतभर जागेत दोघं मावायचे नाहीत, ह्यांचा पाय बरा झाला की भिंतीला एक फळी ठोकून देतील, मीटर जाळल्याच्या पापाची तेवढीच फेड होईल. आणि सजावटवाल्याला रिकाम्या हाती पाठवणं तिला पटलं नाही. माळ्यावरची बंद पडलेली कोळशासारखी काळी इस्त्री तिने त्याच्या हातात दिली. तो इतका खूश झाला की मला बघायलाही वळला नाही. मला जरा रागच आला.

आता मी फळीवर असतो, खिडकीच्या उजेडात. भाचीने माझ्यासमोर भिंग बसवलं आहे. त्यातून आत्याला माझा काटा मान न धरता दिसतो. सुट्टीच्या दिवशी भाचीच्या कंपनीतल्या मैत्रिणीही येतात, एक डोळा मिटून माझ्या आरशात बघतात आणि कुणी बटण वर करायचं विसरली तर स्वयंपाकघरातून वहिनी ओरडते.

परवाची गंमत सांगतो. पिवळा एकाएकी अंधारला. आकडा नाही, पीं नाही, काही नाही. आत्या घाबरली. भाचीने त्याच्या पाठीचं झाकण उघडून आतला सेल काढला आणि माझी टोकं त्याला लावली. विजेचा जोर मोजायला मला स्वतःचा सेल लागत नाही. ज्याला मोजायचं त्याच्याच जोरावर माझा काटा उठतो. माझा काटा किंचित हलला आणि बसला. सेल संपला होता, बाकी काही नाही. नवा सेल घातल्याबरोबर पिवळा टुणकन जागा झाला. त्याने काही आभार मानले नाहीत, पण त्याचा पहिला पीं जरा माझ्याकडे तोंड करून होता असं मला वाटतं.

मित्रांनो, तुमच्या घरातही कपाटावर, माळ्यावर कुणीतरी असेल. नवं घरात जरूर आणा. तेही शिकलेलं असतं, कामाचं असतं. पण नव्यासाठी जुन्याला दाराबाहेर काढण्याआधी एकदा त्याची धूळ पुसा, त्याच्या हातात काहीतरी काम द्या आणि मग नीट, नजर सरळ ठेवून त्याच्याकडे बघा. नुसतं दया म्हणून ठेवू नका. आम्हाला दयेची सवय नाही. आम्हाला कामाची सवय आहे.

चला, आत्या येते आहे. तिच्या हातात एक मुका झालेला रेडिओ आहे, आणि तिने आधी माझ्याकडेच हात केला आहे.